आत्याला हवं होतं ते औषध

दादाचा फोन आला तेव्हा मी कॉलेजच्या लॅबमध्ये शेवग्याच्या पाल्याचा अर्क गाळत होते. दादा म्हणजे माझ्या आत्याचा मुलगा. "आई गेली गं," म्हणाला, आणि रडू आवरून लगेच पुढचं सांगितलं, "कुणी इचारलं तर हार्ट म्हण. दम्याचं नाव काढू नको. पोरीची सोयरीक चाललीय." मी बरं म्हणाले. आत्याच्या सासरी, बेंबळीला पोचल्यावर अंगणात बसलेल्या बायकांनी विचारलं, तेव्हाही मी, औषधशास्त्र शिकवणारी बाई, हार्टच म्हणाले. तेव्हापासून माझी मलाच लाज वाटतेय... म्हणून हे लिहायला बसले.

आत्याला लहानपणापासून दमा होता आणि सासरी तो तिनं जमेल तितका लपवला. लग्न ठरताना आजोबांनी सांगितलं नाही, मग सांगायचं राहूनच गेलं. तोंडात औषध ओढायचा पंप पानाच्या चंचीत असायचा. छाती भरून आली की ती देवापुढं जाऊन बसायची आणि आतून कडी लावून घ्यायची. सासूबाई शेजारणींना कौतुकानं सांगायच्या, "लई देवधर्माची हाय आमची सून." आत्या मला त्यांची नक्कल करून दाखवायची आणि हसता हसता तिला खोकल्याची उबळ यायची. दमा मलाही आहे. पंप लपवायची हातोटी मी तिच्याकडूनच उचलली.

माझ्या संशोधनाचं तिला भारी अप्रूप. शेवग्याच्या पाल्यात, कांद्याच्या सालीत फ्लेव्होनॉइड नावाची द्रव्यं असतात. दम्यात श्वासनलिकेला आतून जी सूज येते, ती त्यांनी उतरते का, हे आम्ही बघतो. उंदरांमध्ये उतरलेली दिसते. माणसाचं वेगळं... खाल्लेल्यातलं फार थोडं रक्तात जातं, आणि पंप सोडून हे घ्या असं म्हणायला आज तरी कसलाच आधार नाही. हे मी तिला परोपरीनं सांगितलं होतं. तरी भेटली की पहिला प्रश्न, "कवा निघतंय तुझं औषध?" एकदा मी वैतागलेच. म्हटलं, "आत्या, पंपानं तुम्हाला बरं वाटतंय ना? मग झाडपाल्याचा धोशा कशाला लावलाय?"

ती पान लावत होती. "पंपानं बरंच वाटतंय की," म्हणाली. "पर पाल्याचा काढा चारचौघांत बसून पिता येतो बघ. कुणी इचारलं तर सांगायचं, पित्तावरचा हाय. पंप काढला की समद्यांचं ध्यान माझ्या छातीकडं."

मी सूज, अर्क आणि उंदीर यांत बुडालेली. तिला मात्र हवं होतं ते औषध असं, की जे घेताना कडी लावावी लागू नये. असलं औषध कुठल्या लॅबमधून निघणार? त्या दिवशी तिच्याशेजारी बसून मी माझा पंप घरातल्या सगळ्यांदेखत काढला असता, तरी तिला ते थोडंफार मिळालं असतं. मी विषय बदलला.

जळकोटला नात्यातल्या हळदीत, पाहुण्यांनी भरलेल्या घरात तिला धाप लागली. चंची घेऊन ती गुपचूप मागच्या गोठ्यात गेली, कडब्याच्या धुळीत. शोधत माणसं तिथं पोचली तेव्हा उशीर झाला होता. पंप हातातच होता. माणसांत बसली असती तर कुणीतरी वेळेवर गाडी काढली असती, हा विचार माझी पाठ सोडत नाही.

तेराव्याला धुपाच्या धुरानं माझी छाती भरून आली. मी आतल्या खोलीत गेले, भिंतीकडं तोंड करून पंप घेतला. मागं दार वाजलं. दादाची लेक होती, जिची सोयरीक चालली होती तीच. तिनं आतून कडी लावली आणि ओढणीआडून स्वतःचा पंप काढला. "तुला कधीपासून?" मी विचारलं. "लहानपणापासनं. घरात ठाऊक हाय. बाहेर सांगू नका हं, आत्या." (हे छापायला ती आता तयार झालीय. गावांची नावं तेवढी बदलायला लावली, आणि मी ती बदलली.)

तिचा श्वास सूं सूं वाजत होता. बाहेर पंगत बसली होती, सगळा गोतावळा एका हाकेच्या अंतरावर होता. दार सताड उघडून, तिचा हात धरून त्या पंगतीत जाऊन बसायला हवं होतं. मी उठले, दारापाशी गेले, आणि कडी नीट लागलीय ना, ते पाहून घेतलं.