मॉरिशसला नेलेला नारळ

मॉरिशसला मी समुद्र पाहण्यासाठी गेलो नाही, हे आरंभीच स्पष्ट केलेले बरे. माझा जन्म राजापूर तालुक्यातला. समुद्र मी पुरेसा पाहिलेला आहे. मी एका माणसाची क्षमा मागण्यासाठी गेलो आणि त्या निमित्ताने बेट पाहिले. तथापि ज्यांना केवळ बेट पाहायचे असेल, त्यांनाही उपयोगी पडेल अशी माहिती ओघाने देत आहे.

त्या माणसाचे नाव देवानंद महादू. लंडनच्या विमानतळावरील मालाच्या गोदामात आम्ही अनेक वर्षे एकाच पाळीत काम केले. त्यांचे पूर्वज कोकणातून मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांवर मजुरीसाठी गेले. बंदरावरील कारकुनाने खापरपणजोबांना नाव विचारले, त्यांनी ‘महादू’ सांगितले आणि तेच पुढील सर्व पिढ्यांचे आडनाव झाले.

हाउन्सलो येथे आमच्या घरी दीड दिवसाचा गणपती असतो. एका वर्षी देवानंद सहकुटुंब आले. आरतीचे तबक मीच त्यांच्या हाती दिले. ते आपल्या गावच्या चालीवर आरती म्हणू लागले आणि म्हणता म्हणता ठेका धरून नाचू लागले. निरांजन हेलकावे खाऊ लागले. तीस-चाळीस पाहुण्यांसमोर मी तबक त्यांच्या हातातून काढून घेतले आणि म्हणालो, “आधी आरती कशी करतात ते शिकून या.”

माझे शिक्षण चौथीपर्यंत झाले आहे. ज्याच्याजवळ थोडे असते तो ते फार जपतो. त्या दिवशी मात्र मी ते दुसऱ्याच्या डोक्यात घातले.

देवानंदांनी प्रसाद घेतला, हात जोडले आणि ते निघून गेले. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत आम्ही एकच खोके दोन टोकांना धरून उचलीत होतो, परंतु कामाखेरीज एक शब्द बोललो नाही. पुढे ते मायदेशी परतले. दर चतुर्थीला त्यांचा संदेश येई. मी उत्तरादाखल जोडलेल्या हातांचे चित्र पाठवीत असे. या वर्षीच्या संदेशात एक ओळ अधिक होती: “तात्या, आमचा बाप्पा बघायला या. वयं झाली आपली.”

मुलगा ब्रॅकनेलच्या ऑफिसात अडकलेला, म्हणून सोबतीला नात ईशा निघाली. ती हाउन्सलोतच जन्मली व येथील शाळेत शिकवते. बॅग भरताना तिने माझा नारळ पाहिला.

“आजोबा, नारळ? सीरियसली? तो आयलंड आहे! तिकडे सगळीकडे कोकोनट ट्रीज असणार.”

“आमच्या गावी भांडण मिटवायचे असेल तर नारळ हातावर ठेवतात. मग बोलावे लागत नाही.”

“म्हणजे सॉरी म्हणायचं नाही म्हणून नारळ?”

मी नारळ टॉवेलात गुंडाळून बॅगेत ठेवला. आजकालच्या मुली थेट बोलतात.

विमानप्रवास सुमारे बारा तासांचा आहे. निघण्यापूर्वी संगणकावर एक अर्ज भरावा लागतो. तो शांतपणे वाचून भरावा. त्यात वनस्पती, फळे अथवा बिया आणल्या आहेत का, असा प्रश्न असतो. मी ‘होय’ असे लिहिले, कारण खोटे लिहिणे मला जमत नाही. परिणामी तेथील अधिकारी बाईंनी मला बाजूला घेतले.

“ग्रँडपा, नो. हे आत नेता येणार नाही,” त्या इंग्रजीत म्हणाल्या. तो गणपतीसाठी आहे असे मी सांगताच त्यांनी नारळ दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला आणि तरीही परत दिला नाही. नियम म्हणजे नियम. मला त्यांचा राग आला नाही. त्यांच्या जागी मीही हेच केले असते.

बाहेर येऊन दुसरा नारळ घ्यावा, असा माझा विचार होता. पण दारातच देवानंद काठी टेकून उभे होते. केस पांढरे, गुडघे वाकलेले, हसू जुनेच.

“तात्या! एवढा उशीर? विमान ढकलत आणलं काय?”

मी नमस्कार केला. हात रिकामे असल्यामुळे तोंडही रिकामेच राहिले.

त्यांचे घर पश्चिमेकडे, कास्कावेलच्या बाजूला आहे. रस्ते उत्तम असून वाहने आपल्याप्रमाणेच डावीकडून जातात. सप्टेंबरात ऊसतोडणी चालू असते. उसाने भरलेल्या ट्रकमागे अडकल्यास घाई करू नये. सकाळी हवा गार असते, स्वेटर न्यावा.

दुसऱ्या दिवशी आम्ही बसने राजधानी पोर्ट लुई पाहिली. बसभाडे लंडनच्या मानाने किरकोळ आहे, सुटी नाणी जवळ असावीत. काही मिनिटे चालल्यावर मशीद लागते, चिनी लोकांची गल्ली लागते, चर्चची घंटा ऐकू येते आणि कोपऱ्यावर तमिळ देऊळ दिसते. चिनी दुकानदार, मुसलमान शिंपी आणि बिहारी वंशाची भाजीवाली हे तिघे आपसात क्रेओल नावाच्या एकाच भाषेत भांडत होते, आणि भांडण संपल्यावर तिघांनी मिळून चहा मागवला. बाजाराबाहेर दालपुरी अवश्य खावी: पुरणपोळीसारखी मऊ, परंतु गोड नव्हे, दोन पोळ्यांत घेवड्याची भाजी आणि चटणी गुंडाळून कागदात देतात. मिरची सांभाळून मागावी. ईशाने सांभाळली नाही.

तेथेच मी सोललेला, शेंडीचा, उत्तम नारळ घेतला.

संध्याकाळी घरी परतलो. देवानंदांना एकटे गाठून नारळ त्यांच्या हातावर ठेवायचा, एवढेच मनात होते. दारात त्यांच्या पत्नी सरोजावहिनी भेटल्या. त्यांनी पिशवीत डोकावून पाहिले.

“अगोबाई, तात्या भाऊजी! आमच्या आवारात सोळा झाडं, आणि तुम्ही विकत आणलात? बरं झालं हो, उतरवलेल्यांत मोदकाला एक कमीच पडत होता.”

मी “अहो, तो” एवढेच म्हणू शकलो. दोन मिनिटांत माझी क्षमायाचना खवणीवर चढली होती. ईशा ओट्याला धरून हसत होती.

“आजोबा, आता तर बोलायलाच लागणार.”

चतुर्थीची तेथे सार्वजनिक सुट्टी असते. सकाळी देवानंद आम्हांला मोटारीने दक्षिणेकडील ल मोर्न डोंगरापर्यंत नेऊन आणले. त्यांची शेजारीण मारी सोबत आली. आफ्रिकेतून आणलेले गुलाम मालकांपासून पळून या डोंगरावर लपत, असे तिने सांगितले. तिचे पूर्वज त्यांतलेच. खाली निळे-हिरवे पाणी इतके सुंदर होते की तिचे बोलणे ऐकताना त्याकडे पाहण्याचा संकोच वाटला.

“तुझे लोक असे आले, आमचे करारावर अंगठा देऊन आले,” देवानंद तिला म्हणाले. “आता दोघं मिळून माझे मोदक खातो.”

“तू सात खातोस, मी दोन,” मारी म्हणाली. तिचे क्रेओल देवानंदांनी ईशाला इंग्रजीत सांगितले आणि ईशाने ते हसत मला मराठीत पोहोचविले.

सायंकाळी घर भरले. गणपती नदीकाठच्या मातीचा, देवानंदांनी स्वतः घडविलेला. एक कान किंचित मोठा. मारीचे कुटुंब, कोपऱ्यावरचा चिनी दुकानदार, नातेवाईक, सर्व दाटीने उभे राहिले. ढोलकी निघाली. देवानंदांनी निरांजन लावले, तबक उचलले आणि ते माझ्यापुढे धरले.

“तात्या, तुम्ही करा. तुम्हाला बरोबर येतं.”

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला सोपे गेले असते.

मी तबक घेतले नाही. नारळ नव्हता. मी म्हणालो, “देवानंद, माझ्या घरी मी तुमच्या हातातून तबक काढून घेतले होते. ती माझी चूक होती. लोकांसमोर केली, म्हणून लोकांसमोर सांगतो. मला क्षमा करा.”

ढोलकी थांबली. चिनी दुकानदाराने मारीच्या कानात काही विचारले. देवानंदांनी तबक हळूच मूर्तीपुढे टेकवले.

“राग होता,” ते म्हणाले. “खोटं नाही सांगत. ती चाल माझ्या आईची. मळ्यावरून आली की ती तसंच नाचायची, हातात तबक घेऊन.” मग त्यांनी नाक पुसले. “पण हे सांगायला बारा तास विमानात बसलात? फोन होता की, तात्या!”

सगळे हसले. ज्यांना मराठी येत नव्हते तेही हसले.

“आता असं करा,” ते म्हणाले, “गातो मी. माझे गुडघे गेलेत. नाचायचं तुम्ही.”

मी आयुष्यात कधी नाचलो नव्हतो. तबक हाती घेतले. त्यांनी आईची चाल उचलली, ढोलकी सुरू झाली, आणि सरोजावहिनी मागून पाऊल सांगू लागल्या: “उजवा, डावा, आता वळा, भाऊजी, भिंतीकडे नको!” निरांजन हेलकावत होते, परंतु विझले नाही. मी काही पावले नाचलो. ईशाने त्याचे चित्रण केले आहे. ते या लेखासोबत देऊ नये, असे मी तिला बजावले आहे.

मोदक चांगले झाले होते. सारणात माझा नारळ कोणता, हे मात्र ओळखता आले नाही.

दुसऱ्या दिवशी विसर्जन खाडीत झाले. कमरेएवढ्या पाण्यात मूर्ती धरायला देवानंद, त्यांचा जावई व मी होतो. खोके उचलताना म्हणत तसे “हळू, माझ्या बाजूने,” असे देवानंद म्हणाले, आणि गोदामातील सारी वर्षे आठवली. मी “आलो,” म्हणालो. त्या वर्षांतही हाच शब्द रोज म्हणत असे, पण तो कामापुरता.

निघताना त्यांनी आवारातील एक नारळ माझ्या हातावर ठेवला. मी काही बोलू लागलो तर म्हणाले, “तुमच्याच गावची रीत ना? बोलायचं नाही.”

लंडनला उतरताच मी सर्वप्रथम गणवेशातील अधिकाऱ्याकडे जाऊन नारळ दाखविला. नारळ आणण्यास येथे हरकत नाही, असे त्याने सांगितले. ही माहिती वाचकांनी निघण्यापूर्वी स्वतः तपासून घ्यावी, नियम बदलतात.

घरी येऊन पंधरा दिवस झाले. नारळ देवघरात आहे. काल मुलाने विचारले की हा फोडायचा कधी. तेवढ्यात ईशाने देवानंदांचा संदेश वाचून दाखविला: गुडघ्याचे ऑपरेशन ठरले आहे, डॉक्टरांचे मत चांगले आहे, पुढील चतुर्थीला हाउन्सलोला येणार, ढोलकीची जागा करून ठेवा.

मी उत्तरात जोडलेले हात पाठविले नाहीत. “तबक तुमच्या हाती राहील,” असे स्वतः टंकलिखित केले. नारळ तोवर फोडायचा नाही, असे मुलाला सांगितले.

आता रोज सकाळी पूजा झाल्यावर मी तो नारळ कानाशी धरून हलवून पाहतो. आत पाणी आहे.