पाय कोण उचलणार?

"टेंभरेजी, गुडघा सरळ ठेवून पाय टेबलावरून वर उचला," मी म्हणाले.

टेंभरेजींनी पाय उचलला नाही. त्यांनी बायकोकडे पाहिलं. स्टुलावर बसलेल्या मंगलाबाई लगेच उठल्या, पदर खोचला, नवऱ्याच्या टाचेखाली हात घातला आणि पाय वर उचलला.

"हे घ्या. असाच करतो आमी रोज," टेंभरेजी म्हणाले.

दोघांनाही त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. मी मात्र हातातला पेन खाली ठेवला. त्यांचा हा सहावा आठवडा होता.

मी फिजिओथेरपिस्ट. गोंदियात माझं क्लिनिक आहे. सुरुवातीची काही वर्षं लोक त्याला शेकाचा दवाखाना म्हणत. कंबर दुखली, मान आखडली की यायचं, पालथं पडायचं, मशीनचा 'करंट' लावून घ्यायचा आणि घरी जायचं. पुढे मोबाईल सगळ्यांच्या हाती आले, पण करंटवरची श्रद्धा काही हलली नाही. टेंभरेजींची गोष्ट त्या काळातली.

त्यांचा कोहमाऱ्याला ढाबा होता. मोटरसायकल घसरून उजव्या गुडघ्याची वाटी फुटली. ऑपरेशन झालं, तारेने वाटी बांधली, पाच आठवडे पाय प्लास्टरमध्ये राहिला. प्लास्टर निघालं तेव्हा गुडघा लाकडासारखा झाला होता. सर्जननी चिठ्ठी देऊन माझ्याकडे पाठवलं.

अशा पायाचं काम दोन भागांत असतं. एक म्हणजे आखडलेला गुडघा वाकवणं. तो दुसरं कोणी धरूनही वाकवता येतो. त्याला आम्ही पॅसिव्ह म्हणतो. दुसरा भाग म्हणजे मांडीचा स्नायू पुन्हा कामाला लावणं. हाच स्नायू गुडघा सरळ धरतो, माणसाला जिना चढवतो. प्लास्टरमध्ये तो वाळतो. तो जागा होतो फक्त पेशंटने स्वतः आवळला तर. हे अ‍ॅक्टिव्ह. इथे दुसऱ्याचा हात चालत नाही.

पहिल्या दिवशी मी टेंभरेजींना तीन व्यायाम दाखवले. गुडघ्याखाली टॉवेल ठेवून दाबा. टाच सरकवत गुडघा वाकवा. पाय सरळ ठेवून वर उचला. तिन्ही वीस-वीस वेळा, सकाळ-संध्याकाळ. गोंदियाला रोज येणं त्यांना शक्य नव्हतं, म्हणून आठवड्यातून एकदा बोलावलं. पाय तेव्हा उचलला जात नव्हताच. ते अपेक्षित होतं.

दर आठवड्याला मी विचारायचे, "व्यायाम होतो ना?"

मंगलाबाई सांगायच्या, "होऊन राहिला जी. दोन्ही टाइम."

खोटं काहीच नव्हतं. व्यायाम होत होता. कोण करतं, ते मी विचारलं नाही. मी कोन मोजायचे, गुडघा जास्त वाकलेला दिसायचा, कागदावर आकडा लिहायचे, मशीन लावून द्यायचे. ते यायचे तेव्हा दुपारचे दोन वाजलेले असत. सकाळपासून मी उभी असे, जेवण राहिलेलं असे. मधे दोनदा पाय उचलायला सांगितला होता. "आज लय दुखून राहिला," म्हणाले, आणि मीही सोडून दिलं. हे लिहायला बरं वाटत नाही, पण झालं तसं.

तर त्या सहाव्या आठवड्यात मी मंगलाबाईंना बसायला सांगितलं.

"आता तुम्ही एकटे उचला."

टेंभरेजींनी दात आवळले, टेबलाची कड धरली, मान वर केली. सगळं अंग उचललं गेलं, पाय सोडून. मी टेपने दोन्ही मांड्या मोजल्या. उजवी डावीपेक्षा चांगलीच बारीक झाली होती.

"घरी व्यायाम होतो तेव्हा तुम्ही काय करता?"

"मी पडलो राहतो. टीव्ही पाहातो. ते करते." त्यांनी मंगलाबाईंकडे बोट दाखवलं.

"टॉवेल कोण दाबतं?"

"मीच दाबतो जी," मंगलाबाई म्हणाल्या. "वरून. जोर लावून."

मी समजावलं. दोन आठवडे गेले तर गेले, पण सहा गेलेत. आजपासून मंगलाबाईंनी हात लावायचा नाही, सगळं तुम्ही करायचं. टेंभरेजी तापले.

"मंग आमी इतक्या दूर कायले येतो? करंट वाढवा ना. ती मोठी मशीन लावा."

"मशीनने स्नायू आवळेल, बंद केली की झोपेल. तुम्हाला तो स्वतः आवळता यायला पाहिजे."

"दुखते न मॅडम! तुमचं का जाते सांगाले?"

ते मशीन न लावताच निघून गेले. संध्याकाळी सर्जनचा फोन आला. "मॅडम, टेंभरे नाराज आहे. लावून द्या ना थोडा करंट, पेशंटला समाधान."

"सर, त्याला समाधान आहेच. स्नायू नाही."

सर हसले. "बघा तुम्ही," म्हणाले आणि फोन ठेवला.

पुढच्या आठवड्यात टेंभरेजी आले नाहीत. मंगलाबाई आल्या, भावाचा हात धरून, कमरेत वाकलेल्या. सरळ उभं राहता येत नव्हतं. मी विचारलं, काय झालं? आदल्या दिवशी नवऱ्याचा पाय उचलताना कमरेत चमक निघाली.

"मी नका करू म्हटलं होतं ना?"

"म्हटलं होतं जी. मीबी सांगतलं त्यायले. तर म्हणत, तू सोडून देली तर मी लंगडाच राहीन." त्या टेबलाला टेकल्या. "असं म्हटल्यावर का करावं?"

पन्नास किलोची बाई. पहाटेपासून ढाब्याचा स्वयंपाक, पाण्याचे पिंप, आणि वर दिवसातून दोनदा हा जडशीळ पाय वीस-वीस वेळा. कंबर आधीच का गेली नाही, याचंच नवल. तपासलं. नस दबलेली नव्हती, स्नायू आखडला होता. मी सांगितलं, महिनाभर काही उचलायचं नाही. भाऊ शहाणा निघाला. तो त्यांना तिथूनच माहेरी, नवेगावबांधला घेऊन गेला. जाण्याआधी मी त्यांना कमरेचे दोन व्यायाम शिकवले.

तिसऱ्या दिवशी टेंभरेजींचा फोन.

"मॅडम, मंगला त घरी नाही. आता माह्या पायाचं कोण करन?"

"तुम्ही."

"पोराले सांगू का? ढाब्यावरचा कोणी?"

"कोणाला नका सांगू. तुम्ही."

पलीकडे ट्रकचा हॉर्न वाजला. मग त्यांनी फोन ठेवला.

आठ दिवसांनी ते आले, एकटे, काठी टेकत. दाढी वाढलेली. आवाज उतरला होता. आंघोळीला बसताना तोल गेला होता, पडता पडता नळ धरून वाचले. "तवा समजलं जी, ह्या पायात काईच नाही," म्हणाले. "सात आठवडे मी समजून राहिलो का पाय सुधरून राहिला."

मी त्यांचाच पंजा त्यांच्या मांडीवर ठेवला. "गुडघा खाली दाबा. हाताखाली काही हलतं का सांगा."

काही नाही.

"पुन्हा."

काही नाही. कपाळावर घाम आला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ढाब्यावर बसून ट्रकवाल्यांना दम देणारा माणूस अगदी बारीक आवाजात म्हणाला, "मेली का जी मांडी?"

"नाही. पुन्हा."

दहाव्या-बाराव्या वेळेला हाताखाली काहीतरी फडफडलं. एवढंसंच. त्यांनी हात उचलला, मांडी पाहिली, पुन्हा हात ठेवला. पुन्हा दाबलं. पुन्हा फडफडलं. त्या दिवशी त्यांनी मशीनचं नाव काढलं नाही.

पुढचे दोन महिने सोपे नव्हते. एका आठवड्यात पाय बोटभर उचलला गेला, दुसऱ्यात तेवढाही नाही. एकदा ते चिडून टॉवेल फेकून गेले. पुढल्या वेळी स्वतःचा टॉवेल घेऊन आले. ढाब्याच्या गल्ल्यामागे त्यांनी एक बाज टाकून घेतली होती. गिऱ्हाईक कमी असलं की पडून पाय उचलायचे. ट्रकवाले मोजायचे, म्हणे.

शेवटी काय झालं? ते काठीशिवाय चालू लागले. जिना चढू लागले. चार महिन्यांनी मोटरसायकलला किक मारली, डाव्या पायाने. पण गुडघा पुरता वाकला नाही. उकिडवं बसता येत नाही, जमिनीवर मांडी घालता येत नाही. घरात त्यांना खुर्चीचा संडास बसवावा लागला. त्यांनी एकदा विचारलं, "पहिल्या दिवसापासून मीच केला असता त?"

"खात्री नाही देत. पण बसता आलं असतं, बहुतेक."

त्यांनी गुडघ्यावरून हात फिरवला. त्या सहा आठवड्यांत माझाही वाटा होता.

मंगलाबाई माहेरी गेल्यापासून महिन्याने माझ्याकडे आल्या होत्या. ताठ चालत. वाकवून, वळवून पाहिलं, कंबर मोकळी होती. सांगितलेले दोन्ही व्यायाम त्यांनी एकही दिवस न चुकता केले होते. असा पेशंट मला वर्षात एखादाच भेटतो. मी विचारलं, कसं जमवलंत?

त्यांना प्रश्नच समजला नाही. "माहं करायले कोण येणार होतं जी?" म्हणाल्या.

आता व्यायाम शिकवताना मी घरच्यांना बाहेर बसवते. घरचे रागावतात, पेशंट त्याहून रागावतो. निम्मे तरी जाताना करंटचं विचारतातच.