हळदीखालचं अंग

माझ्या भावाच्या जीपमध्ये मधल्या सीटवर, ड्रायव्हरच्या पाठीमागच्या खिडकीशी, मी बसत नाही. गाडी रिकामी असली तरी मी पुढं बसते, नाहीतर मागं पोत्यांपाशी. भाऊ काही विचारत नाही. कन्नड ते संभाजीनगर अशी त्याची काळीपिवळी चालते आणि त्या खिडकीपाशी रोज कुणी ना कुणी बसलेलं असतं, शेंगा सोलत, मोबाईल बघत. त्यांना काय ठाऊक. त्या जागेवर माझा भाचा गेला, बाप पुढं गाडी चालवत असताना.

मी चिकलठाण्याला राहते, कारखान्यातल्या एकट्यादुकट्या पोरांना डबे करून देते. माझं तोंड फाटकं आहे हे आमच्या गल्लीत कुणालाही विचारा. भाऊ माझ्याहून लहान आणि माझ्या अगदी उलटा. लहानपणी त्याला कुणी मारलं तर तो घरी सांगायचा नाही, मलाच शोधून काढावं लागायचं कुणी मारलं ते. मारणाऱ्याच्या घरी जाऊन भांडून यायचे ते मीच.

पोरगं तेरा वर्षांचं होतं. बापाशी काहीतरी बोलाचाली झाली आणि रुसून घरातनं निघालं. माझ्याकडंच यायचं होतं म्हणे त्याला, पण पोचलं रेल्वे स्टेशनवर, आणि तिथं पोलिसांना सापडलं. बाप मारील या भ्यानं त्यानं गावाचं नाव खोटं सांगितलं. मग त्याला धाडलं एका बालगृहात, शहराच्या बाहेर. त्या घराचं नाव मी इथं घेत नाही, केस चालू आहे आणि वकीलबाईंनी माझ्या तोंडाला तेवढं एक कुलूप घातलंय. चोरी नाही, चपाटी नाही, घरातनं रुसून निघालं एवढाच त्याचा गुन्हा.

आम्हाला कळलं तोवर पोरगं कागदावर चढलं होतं. सोडवायला गेलं की आधारवर जन्मतारीख एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरी. दाखला आणला तर साहेब रजेवर. साहेब आले तर समितीची बैठक पुढच्या आठवड्यात. मी एकदा भेटून आले, शेंगदाण्याचे लाडू घेऊन. बडबडं पोरगं ते, पण त्या दिवशी एक शब्द फुटेना, आणि त्यांचा एक माणूस दारातनं हलायला तयार नाही. बस म्हटलं तर बसेना. लाडू हातात धरून तसंच उभं राहिलं. मला वाटलं, त्या माणसापुढं लाजतंय. ते बसत का नव्हतं, हे मला पुढं कळलं आणि तेव्हापासून ते माझ्यापुढं उभंच आहे.

मग एके दिवशी सकाळी भावाला फोन आला, पोराला ताप आहे, येऊन घेऊन जा. ज्या हुकमासाठी आम्ही चपला झिजवल्या तो हुकूम टेबलावर तयार. भावानं सही केली, घोंगडीत गुंडाळलेलं पोर दोघांनी आणून त्या सीटवर ठेवलं. गावाकडं दाखवा, हवापालट होईल, असं सांगून त्यांनी फाटक लावून घेतलं. भावानं विचारलं, इथंच दवाखान्यात जाऊ का रे? पोरगं एवढंच म्हणालं, आईकडं. म्हणून त्यानं गाडी कन्नडच्या रस्त्याला लावली. वेरूळ मागं पडलं तोवर पोरगं हूं हूं करत होतं. पुढं ते गप्प झालं आणि भावाला वाटलं, झोप लागली. झोपमोड नको म्हणून त्यानं हॉर्नसुद्धा वाजवला नाही घरापर्यंत.

मी पोचले तेव्हा अंगणात माणसं जमली होती आणि अग्नी द्यायचा की माती, यावर बोलणं चाललं होतं. मिसरूड फुटलेलं नाही म्हणजे लेकरूच, आणि लेकराला आमच्यात अग्नी देत नाहीत, असं भावाच्या चुलतसासऱ्यानं सांगितलं. बाकीच्यांनी माना डोलावल्या. ते बालगृह चालवणाऱ्या संस्थेचा एक माणूस मोटारसायकलवर येऊन मागं उभा होता, तो मात्र दोनदोनदा म्हणत होता की अग्नीच द्या, बरं असतं. मला तेव्हा वाटलं, ह्याला काय करायचंय? पण मातीचं ठरलं.

आंघोळ घालायला आडोसा धरला, लुगड्याचा. आत भाऊ आणि तो म्हातारा चुलतसासरा, दोघंच. म्हातारा डोळ्यानं अधू, तो नुसता तांब्यानं पाणी ओतत होता. लग्न न होता गेलेल्याला आमच्याकडं हळद लावतात, जन्मात एकदा तरी अंगाला लागावी म्हणून. लावायची ती बोटभर, कपाळाला, हाताला, पायाला. भावानं आतनं हळदीचा डबाच मागून घेतला. आडोसा सरला तेव्हा लेकरू गळ्यापासून तळपायापर्यंत पिवळंधमक होतं. भावजय त्याच्या पायावर पडली, मग वर बघून म्हणाली, नवरदेवावानी दिसतंय माझं लेकरू. बाया हंबरडा फोडून रडल्या. मीही रडले.

ते तसंच मातीआड गेलं असतं. पण त्याच उन्हाळ्यात वैजापूरकडचं एक पोरगं त्याच बालगृहात मेलं. त्याचा बाप आमच्या भावासारखा मुका नव्हता, त्यानं प्रेत ताब्यात घ्यायलाच नकार दिला. बोभाटा झाला, पेपरात आलं, चौकशी लागली. आधी अजून कुणाची लेकरं अशी गेली का, ते शोधत वकीलबाई आमच्या दारी आल्या. आमचा भाचा कागदोपत्री तिथं मेलाच नव्हता. जिवंत बाहेर गेला, बापाची सही आहे, असं ते घर म्हणत होतं.

जबाब घ्यायला पोलीस घरी आले. मी चहा ठेवला होता. अंगावर काही मार, वळ, जखम होती का, असं त्यांनी भावजयीला विचारलं. तिला रागच आला त्या प्रश्नाचा. पदर सावरून म्हणाली, मी डोळ्यानं बघितलंय, सोन्यासारखं अंग होतं माझ्या लेकराचं, कुठं ओरखडा नव्हता. त्यांनी लिहून घेतलं, तिनं सही केली. भाऊ दाराच्या चौकटीला टेकून उभा होता, जमिनीकडं बघत. दुसऱ्या दिवसापासून संस्थेचा माणूस सगळीकडं सांगत सुटला की मुलाची आईच म्हणते ओरखडा नव्हता.

वकीलबाईंनी मला बाजूला घेऊन समजावलं. जे काही आहे ते आता मातीत आहे, कायद्यानं अर्ज करून, तहसीलदार आणि डॉक्टरासमोर ते बाहेर काढता येईल. पण आई नको म्हणते आणि बाप तोंड उघडत नाही, तर कुणाच्या जोरावर मागणार? मी भावजयीला विचारून पाहिलं. ती माझ्या अंगावर आली. निजलेल्या लेकराला उठवायचं का, म्हणाली. मी पण मग चिडून बोलले, नको ते बोलले, आणि आम्ही दोघी कितीतरी दिवस बोलत नव्हतो.

भाऊ एका दुपारी गावाकडचं दळण टाकायला माझ्याकडं आला. मी तेव्हा तोंडाचा पट्टा सोडला होता. तुझी बायको असली कसली आंधळी, लेकरू तापानं असं मरतं का, असलं काहीबाही. त्यानं जीपचं इंजिन बंद केलं. स्टेअरिंगवर हात तसेच ठेवून तो बोलला.

“आक्का, ती खरं बोलली. मीच तिला दिसू दिलं न्हाई.”

मग त्यानं सांगितलं. पाठ, मांड्या, पोटऱ्या. तळपाय तर लई. पाणी पडलं तसं एकेक दिसायला लागलं, आणि बाहेर ती बसलेली. तिनं बघितलं असतं तर ती तिथंच संपली असती, असं त्याला वाटलं. हाताशी हळद होती, त्यानं हळद लावली. जिथं जिथं काळंनिळं तिथं तिथं, परत परत. तो खाली उतरला तशी मी त्याच्या पाठीत एक बुक्की घातली. आणि मग त्याच पाठीवर डोकं टेकून रडले, रस्त्यात, माणसं बघत होती तरी.

तुझ्याच्यानं होत नसेल तर तिला मी सांगते, म्हणाले. तो म्हणाला, नको, मी झाकलं, मीच सांगतो. पण तू सोबत चल. तसेच निघालो आम्ही. वाटेत वेरूळ मागं गेलं तेव्हा त्यानं एकदा आरशात मागं बघितलं. मागं कुणी नव्हतं. मला माहीत होतं कुणी नाही, तरी मी मान वळवली नाही.

भावजय ओट्यावर ज्वारी पाखडत होती. भावानं खाली बसून, तिच्याकडं न बघता, सगळं सांगितलं. सुपाचा आवाज मध्येच थांबला. मला वाटलं आता ही ओरडेल, कपाळ बडवेल, त्याला मारील. मी तिला धरायच्या तयारीत होते. तिनं एवढंच विचारलं, पायाला बी? भाऊ म्हणाला, व्हय. मी त्याच्या पायावर डोकं ठिवलं हुतं, असं ती म्हणाली, आम्हाला नव्हे, त्या ज्वारीला. मग उठून तिनं चूल पेटवली आणि नवऱ्याला चहा दिला. 

सकाळी ती आमच्या आधी जीपमध्ये जाऊन बसली होती. मधल्या सीटवर, त्याच खिडकीशी.

चौकशीच्या साहेबानं तिला स्पष्ट सांगितलं, बाई, तुम्ही आधी एक बोललात, आता दुसरं बोलताय, समोरचा वकील तुम्हाला खोटं पाडील. माझ्या जिभेवर उत्तर आलं होतं, पण तिनं माझ्या हातावर हात ठेवला.

“म्या तवा बी खरंच सांगितलं, साहेब,” ती म्हणाली. “तवा म्या हळद बघितली. लेकरू बघायचं ऱ्हायलंय.”

साहेबाची मान खाली गेली. लिहा, एवढंच ते कारकुनाला म्हणाले.

माती उकरली ती भर दुपारी. चारी बाजूंनी कापड धरलेलं. आडोसा बघून भाऊ पार दूर, बाभळीखाली जाऊन बसला. आत तहसीलदार, डॉक्टर, पंच. आम्हाला आत घेतलं नाही. भावजय कापडाला लागून उभी होती, आणि फावड्याचा आवाज झाला की तिचा हात माझ्या दंडात रुतायचा. डॉक्टरांच्या अहवालात पुढं आलं: नडगीचं हाड मोडलेलं, बरगडी मोडलेली, जिवंतपणी. हाडाला हळद लागत नाही.

आज त्या घरातले दोघं जामिनावर आहेत. घराला नवा रंग दिलाय, नवी पाटी लावलीय, आत लेकरं आहेतच. मी त्या रस्त्यानं गेले की फाटकाकडं बघते आणि मला लाडू हातात धरून उभं असलेलं ते दिसतं. म्हणते, बस रे बाबा. बसत नाही. तारखा पडतात, भावजय प्रत्येक तारखेला जाते. भाऊही आता साक्षीला उभा राहिलाय, अडखळत का होईना, बोलतो. वैजापूरकडच्या त्या लेकराचे आईबाप कोर्टात आमच्या शेजारी बसतात. कधी न्याय होईल ते मला माहीत नाही, आणि कुणी होईल म्हटलं की मला राग येतो.

पण त्या दुपारचं एक सांगायचं राहिलं. काम उरकलं, जे काढलं होतं ते पांढऱ्या कापडात बांधून परत खड्ड्यात ठेवलं. रीत म्हणून तो म्हातारा चुलतसासरा घरनं ताट घेऊन आला होता. ताटात हळदीची वाटी. अधू डोळ्यानं चाचपडत तो वाकला आणि वाटीत बोटं घातली. भावजयीनं त्याचं मनगट धरलं. हळूच धरलं, म्हाताऱ्या माणसाला धरतात तसं.

“नगं, काका,” ती म्हणाली. “आता झाकायचं न्हाई.”

म्हाताऱ्यानं बोटं धोतराला पुसली. भाऊ बाभळीखालून उठून आला, आणि हळद न लावताच त्यानं पहिली माती लोटली.