आम्ब्रोसचे अठ्ठेचाळीस तास

इन्सब्रुकच्या आमच्या प्रयोगशाळेत आम्ब्रोस ग्श्ट्राइन नळ्या जोडायचा, पंप सांभाळायचा आणि उरलेल्या वेळात प्राध्यापकांना सांभाळायचा. गावच्या बँडमध्ये तो ट्यूबा वाजवी. ते अवाढव्य पितळी वाद्य त्याच्या मांडीवर खेळण्यातलं वाटे.

आमचं काम सांगायला सोपं. क्लोरीनच्या रेणूत दोन अणूंचा संसार असतो. त्यात एक मंद, जवळजवळ थांबलेला इलेक्ट्रॉन सोडायचा. हा आळशी पाहुणा एकाला चिकटतो आणि संसार मोडतो. किती वेगाच्या पाहुण्याने किती घरं मोडली, ते मोजायचं. वेगाचा शून्य ठरवायला आधी कार्बन टेट्राक्लोराइड सोडत असू, कारण ते थांबलेल्या इलेक्ट्रॉनवर तुटून पडतं. पण मोडल्यावर त्यातूनही विद्युतभारित क्लोरीनच निघतो. म्हणून नंतर नळी अठ्ठेचाळीस तास तापवून त्याचा अंश न अंश हाकलायचा. हीटर चालू असताना खोली सोडायची नाही, असा नियम होता. आम्ब्रोस तिथेच गादी टाके.

एका शनिवारी सकाळी मी क्लोरीन सोडायला गेले. नळीला हात लावला तर थंडगार. वहीत मात्र आम्ब्रोसच्या गोल अक्षरात लिहिलेलं, ‘अठ्ठेचाळीस तास तापवली.’ ते अठ्ठेचाळीस तास तर त्या दिवशी दुपारी पूर्ण व्हायचे होते. जूनमधल्या देवाच्या मिरवणुकीसाठी त्याच्या बँडची तालीम सुरू होती, हे मला माहीत होतं. परिषद जवळ आली होती, हेही माहीत होतं. मी क्लोरीन सोडला.

आलेखात शून्यावर असा उंचवटा आला की प्राध्यापक माइनराड त्सांगेर्ल खुर्चीवरून उठले. माझ्या प्रबंधाचं मुख्य प्रकरण तयार झालं. आम्ब्रोसचं जेवणावरचं मन उडालं.

त्याला सांगायचं होतं, पण ‘अहो प्राध्यापक’ म्हणून सांगणं त्याला जमेना. आमच्याकडे डोंगरात हजार मीटरच्या वर सगळे एकमेकांना ‘तू’ म्हणतात, बिशप असो की गुराखी. त्याने प्रयोगशाळेच्या सहलीची वाट पाहिली.

चढताना धापा टाकत त्याने मला विचारलं, “बुर्गी, हजार झाले का गं?”

“केव्हाच. दम लागला का?”

“नाही. जीभ सैल करतोय.”

वरच्या झोपडीत प्राध्यापकांनी बाक थोपटला. “आम्ब्रोस, ये रे, सूप घे. ट्यूबावाल्याला त्यात पावाचे दोन गोळे वाढा.”

आम्ब्रोस बसला नाही. “माइनराड, तुला एक सांगायचंय. तो उंचवटा क्लोरीनचा नाही, माझा आहे. नळी मी सात तासच तापवली. मग हीटर बंद करून तालमीला गेलो. वहीत खोटं लिहिलं.”

प्राध्यापकांनी चमचा खाली ठेवला.

“श्रीयुत ग्श्ट्राइन, हे तुम्ही मला आधीच सांगायला हवं होतं.”

सोळाशे मीटरवर ‘तुम्ही’. शेजारच्या टेबलावरचे दोन गुराखी वळून बघू लागले. आम्ब्रोस कानापर्यंत लाल झाला. एवढा मोठा माणूस, पण कुठे मावावं ते त्याला कळेना.

मग प्राध्यापक माझ्याकडे वळले. “बुर्गी, तुला काही संशय आला नव्हता?”

“नाही,” मी म्हटलं.

आम्ब्रोसने माझ्याकडे पाहिलं. शनिवारी क्लोरीनचा नळ उघडल्याची वेळ मीच वहीत लिहिली होती, सकाळचे नऊ. ती त्याने वाचली होती.

“तिला कसा येणार?” तो म्हणाला. “वहीत मी लिहिलं होतं ना.”

नंतर नळी पुरती तापवली. उंचवट्याचा जेमतेम तिसरा हिस्सा उरला. परिषदेतला निबंध मागे घेतला, प्रकरण पुन्हा लिहिलं, आणि मला पदवी मिळाली. महिन्याभरात प्राध्यापक आम्ब्रोसशी पुन्हा थट्टा करू लागले, तेही खाली, पाचशे सत्तर मीटरवर.

आता तो निवृत्त आहे. दर नाताळात घरचं धुरी दिलेलं डुकराचं मांस पाठवतो. मी आभाराचं पत्र लिहायला बसते, आणि हवामानावर चार ओळी लिहून पाकीट चिकटवते.