बेंबी बसवणारी लंकाबाई

पोटात मुरडा आला, जुलाब लागले, की ओझरच्या आसपासची माणसं डॉक्टरच्या आधी लंकाबाईचं दार गाठत. ती माणसाला उताणं झोपवायची, बेंबीवर बोट ठेवून ठोका बघायची आणि म्हणायची, "सरकलीया." मग पोटावर पेटती पणती, तिच्यावर पालथा तांब्या. तांब्या कातडी ओढून धरायचा. तो निघाला की तेल लावून चोळणं. आणि बेंबी बसल्यावर रात्रभर पोटाला पाणी लावायचं नाही, हा तिचा नेम. बहुतेकांना सकाळी बरं वाटायचं. त्यातले निम्मे तसेही बरे झाले असते, पण हे तिला सांगणार कोण?

घरात मात्र तिचा सगळा रुबाब मातीला मिळायचा. नवरा गेणू टोमॅटोच्या बागांवर रोजानं फवारणी करायचा. पाठीवरचा पंप गळका, तोंडाला फडकं नाही, आणि बादलीतलं औषध गडी हातानंच ढवळणार. फवारणीच्या संध्याकाळी तो हमखास पोट धरून यायचा. ती बेंबी बसवायची, पुढच्या फवारणीला पुन्हा तेच.

"अवो, किती येळा सांगितलं, पंप वाकून उचलू नगा!" चोळता चोळता ती ओरडायची. गावाची बेंबी बसते आणि घरच्याची टिकत नाही, याचा तिला भयंकर संताप यायचा.

सत्त्याण्णव सालच्या उन्हाळ्यात गेणू आला तो भिजल्या शर्टासकट ओट्यावर आडवाच झाला. तोंडातून लाळ, अंगभर घाम, पोटात कळांवर कळा. लंकाबाईनं शर्ट नुसता वर सरकवला आणि तेल घेऊन जीव तोडून चोळलं. थोड्या वेळानं तिच्याच पोटात मुरडा आला. तोंडाला पाणी सुटलं, डोळ्यांपुढं धूसर झालं. शेजारच्या सयाजीनं दोघांनाही जीपमध्ये घालून दवाखान्यात नेलं.

"बाई, तुम्हीपण फवारत होता?" डॉक्टरांनी तिच्या डोळ्यांत बॅटरी मारत विचारलं. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या.

"न्हाई. म्या फकस्त ह्यांचं प्वाट चोळलं."

डॉक्टरांनी कपाळावर हात मारला. दुसऱ्या दिवशी ती उठून बसल्यावर त्यांनी तिला झाडलं आणि समजावलंही. आतड्याला आवळायला सांगणारं एक रसायन असतं, ॲसिटिलकोलिन. नसेतून ते सुटतं आणि आतड्याच्या स्नायूवरच्या मस्कारिनिक नावाच्या जागांवर जाऊन बसतं. ते बसलं की स्नायूच्या पेशीत साठवलेलं कॅल्शियम मोकळं होतं आणि स्नायू आवळतो. काम झालं की रसायन मोडतं, आतडं सैल पडतं. "फवारणीचं विष ते रसायन मोडूच देत नाही. मग आतडं आवळतच राहतं. आमचं इंजेक्शन, ॲट्रोपिन, त्या जागा अडवून धरतं. पण विष कातडीतून आत जात राहिलं तर आम्ही तरी किती पुरे पडणार? आणि तुम्ही ते तेल लावून चोळून आत घातलंत!"

"म्हंजी बेंबी सरकलीच नव्हती?"

"बेंबी जागेवरच होती."

लंकाबाईला स्वतःच्या हातांची किळस आली. घरी आल्यावर तिनं तांब्या फळीवर टाकला. फवारणीचा गडी दारात आला की ती त्याला अंघोळ घालून दवाखान्यात धाडू लागली. लोक म्हणाले, बाईच्या हातचा गुण गेला. गेणूनं पावसाळाभर पंपाला हात लावला नाही, मग थंडीत पुन्हा उचलला. ती भांडली, रडली, दोन दिवस चूल पेटवली नाही. तो ऐकेल तर शपथ!

पुढच्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी तो उशिरा आला. भिंतीला धरून उभा, ओठांवर लाळ. लंकाबाईनं शर्ट वर केला. पोट तेलानं चमकत होतं आणि बेंबीभोवती तांब्याचा लालभडक गोल उमटला होता. तो पलीकडच्या वस्तीवरच्या बाळाबाईकडून बेंबी बसवून आला होता.

"तू उगा दवाखान्यात न्हेशील, म्हनून..." तो पुटपुटला.

तिनं त्याचा शर्ट टराटरा फाडून काढला, जीप काढायला सयाजीला हाक मारली आणि पाण्याची बादली त्याच्या पोटावर ओतली.

"अगं पानी नगं!" गेणू दोन्ही हातांनी पोट झाकत कळवळला. "आत्ताच बसवलीया. तुझाच नेम हाय न्हवं?"

लंकाबाईनं रडत रडत त्याचे हात बाजूला केले आणि पोटाला साबण लावला.