तळ्याला परत दिलेले मासे

सॅमन माशांच्या बाबतीत फेक्लाला कुणी शहाणपण शिकवायला गेलं की ती फणकारायची. अंडी उबवायच्या हॅचरीत अंडी काढून घेतलेले मेलेले मासे काय कचऱ्यात टाकायचे? छे! तळ्यानं दिलं ते तळ्याला परत करायचं, तिची आई आणि आजी तेच करत आल्या होत्या. म्हणून त्या वर्षीही तिनं सगळे मासे वरच्या तळ्यात सोडले. वारा ते कुठे नेईल, एवढं मात्र बाईच्या डोक्यात आलं नाही.

दोन दिवसांनी भरदुपारी हॅचरीतला भोंगा वाजला. अंड्यांच्या ट्रेमधलं पाणी वाहायचं थांबलं होतं. ताजी अंडी इतकी नाजूक, की नुसता धक्का लागला तरी मरतात, म्हणजे दुसरीकडे उचलून नेताही येत नव्हती. आणि साचल्या पाण्यात ती गुदमरतात. त्या साली अलास्कातल्या त्या तळ्यावर मासे जेमतेमच चढले होते. ही अंडी गेली असती, तर चार-पाच वर्षांनी गावाला धुरी देऊन साठवायला एकही मासा मिळाला नसता.

हॅचरीला पाणी आणणाऱ्या नळाचं तोंड वरच्या तळ्यात, राखीव रानात. तिथे इंजिनाच्या गाडीला बंदी, म्हणून फेक्ला आणि तिचा दीर निकोन पायीच धावत सुटले. जाऊन बघतात तर काय, सोडलेले सगळे मासे नळाच्या जाळीवर थापले गेलेले, आणि त्यांच्यावर ठाण मांडून एक अस्वल जेवतंय.

फेक्ला अस्वलाकडे नव्हे, त्या माशांकडे बघत होती. आयांनीच पोरांचा श्वास कोंडला होता, आणि ते पाप तिच्या हातून घडलं होतं.

निकोननं बंदूक खांद्याला लावली. "वहिनी, बाजूला हो."

"खाली घे ती. आपणच पान वाढलं, आणि आता जेवणाऱ्याला मारायचं?"

"तुझा व्याही लागतो का तो? तिकडे अंडी मरतायत!"

ते काय तिला कळत नव्हतं? आकडीची लांब काठी घेऊन ती कमरेएवढ्या गार पाण्यात उतरली. अस्वलाच्या नजरेला नजर न देता हळू आवाजात बोलत राहिली, "आजोबा, चूक माझी आहे. तुमचं तुम्ही घ्या, माझं मला सोडा." बोलता बोलता एकेक मासा ओढून ती काठाकडे लोटत होती. अस्वल गुरगुरलं. त्यानं काठीवर पंजा हाणला, तशी ती हातातून निसटता निसटता राहिली. निकोनचं बोट घोड्यावरच होतं. मग अस्वल जड अंगानं माशांमागे काठावर गेलं. जाळी मोकळी झाली आणि नळानं गळगळ करत पाणी ओढलं.

पण अंडी जगली का? बघायचं तरी कसं! अंड्यात डोळे दिसेपर्यंत ट्रेला हात लावायचा नसतो. महिनाभर फेक्ला रोज ट्रेपाशी जाऊन पाण्याची धार तेवढी बघून यायची. निकोननं तिची थट्टा करणं सोडलं.

शेवटी ट्रे उघडले. खालच्या ट्रेमधली अंडी पांढरीफटक, मेलेली. वरच्यांत मात्र लालसर अंड्याअंड्यात डोळ्यांचे काळे टिपके दिसत होते.

"वहिनी, निम्म्याहून जास्त जगलीत की!" निकोनला हसू आवरेना.

"जगली ती तळ्याची," फेक्ला म्हणाली. "मेली ती माझी."

चिमटा घेऊन ती पांढरी अंडी वेचायला बसली. निकोन मदतीला आला, तर तिनं त्याला हात लावू दिला नाही.