भाऊजींची उदबत्ती

दिवाळीनंतरचा रविवार. खर्च साडेतीन हजार रुपये. हजर तिघे: भाऊजी, माझी ताई आणि मी. डोंबिवलीच्या त्यांच्या घरात अडगळीच्या खोलीची, रोलवरचे फोटो अंधारात धुण्यासाठी, डार्करूम केलेली आहे. तिथे नवा एक्झॉस्ट पंखा बसवला होता आणि भाऊजी त्याची परीक्षा घेत होते. हातात पेटती उदबत्ती, वर ट्यूबलाइट, दार सताड उघडं. धूर सरळ पंख्यात गेला.

“बघ मुकुंदा, चार गुणिले सहा गुणिले आठ. एकशे ब्याण्णव घनफूट खोली, मिनिटाला दोनशे घनफूट ओढणारा पंखा. मिनिटभरात सगळी हवा नवी! तुमच्या ठाण्यात बेडरूममध्ये तरी मिळते का अशी?”

गणित बरोबर होतं. भाऊजींचं गणित नेहमीच बरोबर असतं. चूक असते ती गणिताच्या बाहेर, आणि तिथे ते कधी बघत नाहीत.

माजिवड्याच्या एका कारखान्यात त्यांनी जन्मभर दुसऱ्यांच्या मालात खोट काढली. निवृत्त झाल्यावर तीच नजर जगाकडे वळवली. “मोबाइलवाले फोटो काढत नाहीत, पुरावे गोळा करतात,” हे त्यांचं आवडतं वाक्य. भाच्याने मोबाइलवर लग्नाचे फोटो दाखवले, तर दुसऱ्याचा रुमाल धरावा तसा त्यांनी तो मोबाइल दोन बोटांत धरला. मात्र टिटवाळ्याला त्यांनी काढलेल्या ताईच्या फोटोत तिच्या कपाळावरची सुटलेली बट केसागणिक दिसते. हे मान्य करायलाच हवं, म्हणून करतो.

मोतीबिंदूचं ऑपरेशन ते टाळत आले आहेत. त्यामुळे लाल दिव्याखाली कागदावर फोटो पुरेसा उमटला की नाही, हे ताईच सांगते. ती “उचला” म्हणाली, की ते रसायनाच्या ट्रेमधून कागद उचलतात. पण आत अर्धा तास गेला की तिला खोकला सुटायचा, डोळ्यांतून पाणी यायचं.

“अहो, कोंडल्यासारखं होतंय.”

“सवय नाही तुला. पंख्याची ताकद बघ, दार उघडायला जोर लावावा लागतो!”

उजेडाचा कण आत येऊ नये म्हणून दाराच्या चारही फटी त्यांनी रबराने बंद केल्या होत्या. पंख्याने हवा ओढायची ती कुठून? अडकलेलं दार ही पंख्याचीच तक्रार होती. भाऊजींनी तिचं प्रशस्तिपत्र केलं.

खोकला महिनाभर हटला नाही, तेव्हा डॉक्टरांनी ताईला रसायनांच्या त्या वासापासून लांब राहायला सांगितलं. मी म्हणालो, “भाऊजी, आता दार लावून उदबत्ती लावा.”

“आणि अंधारात धूर बघू? विज्ञान कोणी शिकवलं रे तुला?”

“लाल दिवा आहे ना.”

दार लावलं. धूर कानाच्या उंचीपर्यंत चढला आणि तिथेच लोंबकळत राहिला. भाऊजींनी उदबत्तीची काडी चाचपली.

“उदबत्ती ओली आहे,” ते म्हणाले.

“मग ती वाळेपर्यंत मी बाहेर बसते,” ताई म्हणाली, आणि खरंच बाहेर जाऊन बसली.

पुढचे दोन रविवार भाऊजींनी एकट्याने काम केलं. एक फोटो तव्यासारखा काळा, दुसरा धुतलेल्या धोतरासारखा पांढरा. “मुद्दाम तसा ठेवलाय,” हे त्यांनी मला दोन्ही फोटोंबद्दल सांगितलं. त्यानंतर कोणालाही न विचारता त्यांनी शहाडहून सुतार बोलावला. ज्या दारावर उजेडाचा ओरखडा चालत नव्हता, त्याचा तळ त्यांनी डोळ्यांदेखत कापू दिला. तिथे काळ्या आडव्या पट्ट्या एकीआड एक अशा बसल्या, की हवा वळणं घेत आत येते आणि उजेड बाहेरच राहतो. दार लावून उदबत्ती पेटवली. धूर निमूट पंख्याकडे गेला. ताई आत गेली. थोड्या वेळाने बंद दारामागून तिचा आवाज आला, “उचला.” खोकला आला नाही.

आता घरी कोणी आलं की भाऊजी सांगतात, “लोक दार उघडं ठेवून पंखा तपासतात. मूर्ख!”

सुताराचे बाराशे रुपये ताईने आपल्या शिकवण्यांच्या पैशांतून दिले. भाऊजींनी त्याला हवा कशी वाहते यावर अर्धा तास व्याख्यान दिलं.